फोन तुलाच लावायचा होता

शुभा,

काल अविनाशनं तुझ्या खुर्चीला बांधलेला स्विच सोडवला. पट्टी घट्ट बसली होती, सुटता सुटेना. परमजीत कात्री घेऊन आली तर तो तिच्यावर ओरडला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून नुसता उभा राहिला. तुझी इतके दिवस सेवा केलेली बाई, ती बिचारी कात्री पाठीमागे लपवून माझ्याकडे बघत राहिली. मी काही केलं नाही. तुझा कॉम्प्युटर बंद होता, आणि माझ्या कोडमध्ये आता कोणीतरी चूक काढावी, एवढंच मला वाटत होतं.

भेटायला येणारे सगळे ‘सुटली’ म्हणतात. हवाई दलातल्या अविनाशच्या सहकाऱ्यांच्या बायका म्हणतात, माझ्या नवऱ्याच्या इन्स्टिट्यूटमधले डॉक्टरही म्हणतात, आणि त्यांना तर तुझ्या आजाराचं सगळं माहीत होतं. मला त्यांना हाताला धरून बाहेर काढावंसं वाटतं. तुला सुटायचं नव्हतं. तुला रविवारी फोन करायचा होता.

मोहालीच्या त्या ऑफिसात आपण दोघीच मराठी. तू अविनाशच्या बदलीबरोबर आलेली, मी नवऱ्याच्या संशोधनाबरोबर. पहिल्याच दिवशी माझं मशीन अडकलं आणि मी पुटपुटले, “चल की मेल्या.” पलीकडच्या टेबलावरून तुझा आवाज आला, “असं नाही वो, प्रेमानं सांगा त्याले.” मी सांगलीची, तू अमरावतीची. आपल्या दोघींच्या मराठीत जेवढं अंतर होतं, तेवढंच त्या ऑफिसातल्या बाकी सगळ्यांपासून आपलं होतं, तरी आपण एका डब्यात जेवायला लागलो.

ती लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमांना वापरता येईल असा कोड, आपण तिथेच लिहिली. लोकांना मी अजून नीट समजावू शकत नाही की ते काय होतं. इंटरनेटवरचा पत्ता हातात दिला की त्याचे तुकडे पाडून सांगायचं: हा पत्ता कुठल्या प्रकारचा, कुठल्या मशीनवरचा, त्या मशीनवरच्या कुठल्या पानाचा. एवढंच काम. दुसऱ्या प्रोग्रॅमनी ते तुकडे घेऊन पुढचं बघायचं. आपले साहेब म्हणाले होते, “बाँट दो जी, किसी का भला होगा,” आणि आपण ती फुकट इंटरनेटवर ठेवून दिली. मग कुठून कुठून लोकांचे मेल यायला लागले. तू प्रत्येकाला उत्तर द्यायचीस. चूक दाखवणाऱ्याला तर जरा जास्तच प्रेमानं.

सेक्टर सतराच्या चौकात छोले-कुलचे खाताना तू म्हणाली होतीस, “या गावचा पत्ता बघ. घर नंबर, सेक्टर नंबर, संपला. आपल्या लायब्ररीला पण कळेल. आणि माझ्या आईचा पत्ता? देवळामागच्या बोळात, कडुलिंबाच्या घरासमोर, पिठाच्या गिरणीपासून विचारत या.” मी म्हटलं, तो पत्ता चुकीचाच आहे. तू चिडलीस. “पोस्टमन रोज येतो तिथं. पत्ता चुकीचा नाही, तुला वाचता येत नाही.”

त्या वेळी मी हसले होते.

नंतरच्या हिवाळ्यात ऑफिसच्या गच्चीवर उन्हात बसून आपण इकडची ती संत्री, किन्नू, खात होतो. तू नेहमीसारखी नावं ठेवत होतीस, की संत्र्याच्या गावच्या माणसाला हे खायला लावणं म्हणजे अपमान. बोलता बोलता तू ते किन्नू माझ्यापुढे केलंस. “सोलून दे.” मला वाटलं आळस करतेयस. तू पुन्हा म्हणालीस, “मंजू, माझ्या बोटांनी सोललं जात नाहीये गं.”

तिथून पुढचं सगळं फार भराभर झालं. आधी हात. मग पाय. मग जीभ जड झाली, आणि तुझं ते वऱ्हाडी बोलणं आम्हाला कळेनासं झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एकेक स्नायू जाईल, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. ही चांगली बातमी असल्यासारखं सांगितलं होतं त्यांनी.

आवाज पूर्ण जाण्याआधीच तू माझ्याकडून एक प्रोग्रॅम लिहून घेतलास. पडद्यावर एक पान, पानावर मोठ्या अक्षरांतले दुवे, आणि त्यांच्यावरून एकापाठोपाठ सरकणारी पिवळी चौकट. हवी तिथे चौकट आली की खुर्चीला बांधलेला स्विच अंगठ्यानं दाबायचा. बातम्या होत्या, भावाला मेल होता, परमजीतला हाक मारणारी घंटा होती. खाली अक्षरांची एक ओळ होती, तिच्यातून तू एकेक अक्षर निवडून बोलायचीस. सगळ्यात वर तू एक दुवा लिहायला लावला होतास: आई.

तो दाबला की कॉम्प्युटरच्या मोडेमनं अमरावतीचा नंबर फिरवायचा आणि टेबलावरच्या फोनचा स्पीकर चालू राहायचा, असं ठरलं होतं. मोडेम नंबर फिरवायला तयार होता. फोन तयार होता. तू स्विच दाबलास आणि पडद्यावर आलं: अवैध पत्ता.

आपलीच लायब्ररी, शुभा. आपणच लिहिलेलं वाक्य.

ती धरूनच चालत होती की प्रत्येक पत्त्यात आधी प्रकार, मग दोन तिरप्या रेघा, मग मशीनचं नाव येणार. फोन नंबराला मशीन कुठलं आणि रेघा कुठल्या? नुसतं ‘टेल’, मग दोन टिंबं, मग आकडे. मेलच्या पत्त्यालाही रेघा नसतात, पण तिथे मी पूर्वीच एक पळवाट काढून ठेवली होती आणि तू त्यावरून माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होतास. मी म्हटलं, तशीच इथेही काढते. तीन ओळींचं काम. तुला चहा पाजून होईतो करते.

चौकट सरकत राहिली. तू एकेक अक्षर वेचत होतीस. ‘नाही.’

“का नाही?”

‘नीट कर.’

मला वाटलं तू गंमत करतेयस. तू डोळ्यांनी हसायचीस, ते तसं दिसलं नाही. मग किती तरी वेळ लावून तू ते लांबलचक वाक्य लिहिलंस. मेलसाठी एक भोक पाडलं, आता फोनसाठी दुसरं. उद्या कोणी तिसरा प्रकार आणेल. प्रकार आधी वेगळा कर. मग प्रत्येक प्रकाराला त्याची वाचायची रीत दे. लोक वापरतात ही.

अविनाश दारात उभा होता. तो म्हणाला, “शुभा, मी रोज लावून देतो ना फोन आईंना? तुझ्या कानाशी धरतो. हे कशाला हवंय?”

तू त्याच्याकडे बघितलंस. मग लिहिलंस, ‘तू लावलास की ती तुझ्याशी बोलते. रडते. मी लावला तर माझ्याशी बोलेल.’

तसंच होतं ते. तुझी आई, माझ्या काकू, त्याला विचारायच्या, डॉक्टर काय म्हणतात, नळी बदलली का, ती झोपते का. तुझ्याविषयी सगळं विचारायच्या. तुला काही नाही. गुडघ्यांमुळे त्यांना इतका प्रवास झेपणारा नव्हता, आणि तू घरात असूनही फोनवर नव्हतीस.

तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, तोंडावर म्हटलं, “शुभा, तुझ्याकडे वेळ नाहीये.”

परमजीतला मराठी येत नव्हती, पण तीही थांबली. पिवळी चौकट अक्षरांवरून सरकत होती आणि तू ती अनेकदा पुढे जाऊ दिलीस. मला वाटलं, दुखावलीस. मग एक अक्षर, दुसरं अक्षर.

‘म्हणूनच.’

त्या एका शब्दावर मी अजून अडून बसले आहे. म्हणूनच म्हणजे काय गं? वेळ नाही म्हणून नीट करायचं? हे कुठलं शहाणपण? मागे काही चांगलं ठेवून जायचं होतं तुला? कुणासाठी? त्या लोकांसाठी, जे आपल्याला कधी भेटले नाहीत, ज्यांना आपण दोघी बाया आहोत हेसुद्धा माहीत नव्हतं? मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मी स्कूटर काढून घरी गेले आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. ऑफिस सुटलं की तुझ्याकडे. रजा मिळेल तेव्हा तुझ्याकडे.

लायब्ररी उकलायला घेतली. प्रकार वेगळा केला. वेब पत्त्याला एक वाचक, मेलला एक, फोनला एक, असं तक्त्यात बसवलं. माझी ती मेलची पळवाट गेली, आणि खरं सांगते, ती गेल्यावर कोड बघायला बरं वाटलं. तुला ते दिसलं असणार. तू लिहिलंस, ‘बघ.’ फक्त तेवढंच. मी त्या दिवशी घरी जाताना एकटीच हसत होते.

मग अधिकचं चिन्ह निघालं. नंबराच्या सुरुवातीचं ते चिन्ह आपली लायब्ररी मोकळी जागा समजून खाऊन टाकत होती. वेबच्या फॉर्मसाठी कधीतरी आपणच तसं केलं होतं. ते दुरुस्त केलं तर दुसरीकडे तीन चाचण्या फसल्या. मग आकड्यांमधल्या आडव्या रेघा. रेघा देऊन लिहिलेला नंबर आणि रेघांशिवाय लिहिलेला नंबर, हे दोन पत्ते की एक? मी म्हटलं, दोन. अक्षरं वेगळी आहेत. तू म्हणालीस, एक. मी म्हटलं, नियम काय लिहू? तू लिहिलंस, ‘आई नंबर कसाही लिहिते. वाजतो तिच्याच घरी.’ दोन संध्याकाळी त्यावर गेल्या. दोन अख्ख्या संध्याकाळी, शुभा. दुवा तिथेच, वर, पिवळ्या चौकटीत येत होता आणि जात होता.

मध्ये तुझी छाती भरली. इन्स्टिट्यूटमध्ये न्यावं लागलं. परत आलीस तेव्हा अंगठा गेला होता. अविनाशनं स्विच गालाशी बसवला. तुझी वाक्यं तुटायला लागली. ‘परत.’ ‘का?’ ‘चाचणी?’ मी वाद घालायचे आणि तू अर्ध्यात थकायचीस, आणि मी जिंकल्यासारखी गप्प व्हायचे, आणि मला स्वतःची शिसारी यायची. एक वाद तर तसाच राहिला. आपल्या तक्त्यात नसलेला प्रकार आला तर काय करायचं? मी म्हणत होते, चूक म्हणून परत पाठव. तू म्हणत होतीस, जसा आहे तसा पुढे दे, आपल्याला कळला नाही म्हणून तो चुकीचा नाही. मी अजून तुझं मान्य केलेलं नाही. अजूनही वाटतं, तू चूक आहेस. सांग ना मला, कशी नाहीस ते.

अखेर एका रविवारी दुपारी सगळ्या चाचण्या पास झाल्या. कूलर घरघरत होता. अविनाशनं आदल्या दिवशी काकूंना सांगून ठेवलं होतं, की फोन येईल आणि कोणी बोलणार नाही, ती शुभा असेल. आम्ही तिघं तुझ्या मागे उभे राहिलो. चौकट ‘आई’वर आली. तुझा गाल हलला.

मोडेमनं नंबर फिरवला. घंटी. मग काकूंचा आवाज, खोलीभर.

“हालो? कोन हाय? ... बोलत कावून नाही?” आणि एकदम हळू, “शुभे? तूच हायेस नं?”

कूलर बंद करायला अविनाश धावला.

“बरं. बोलू नको. मी बोलतो, तू आयक. जेवली का तू? नळीनं का होईना, जेवत जाय. नाटकं नाही पायजे मले. लहानपनापासून ताटात टाकाची सवय तुले. अविनाशराव साधे हायेत, त्यायले तू फसवत असशीन, मले नको फसवू. लोणचं टाकलं यंदा. मीठ जास्त झालं, कोनाले सांगू नको. समोरच्या कुसुमच्या सुनेले पोरगी झाली, बुधवारी बारसं हाय. नाव काय ठेवतेत कोनाले मालूम, आजकाल नावं समजतच नाहीत...”

रडल्या नाहीत त्या. एकदाही नाही. तुझ्यावर रागावत होत्या. आणि मला तेव्हा कळलं की आजारी पडल्यापासून तुला कोणी रागावलंच नव्हतं. आम्ही सगळे किती जपून, किती मऊ बोलत होतो तुझ्याशी. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि परमजीत ते पुसायला गेली तर तू डोळे मिटून तिला थांबवलंस. काकू बोलत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “ठेवतो आता. बिल येईन तुले. पुन्हा लावजो.”

तू माझ्याकडे बघितलंस. मी त्या नजरेसाठी आयुष्यभर कोड लिहिला असता.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. तुला श्वास लागत होता, पण चौकट वर गेली की तू तिथेच थांबत होतीस. तू लावलास. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि तुटली. तू परत लावलास. परत तुटली. तिसऱ्यांदा लावलास. काकू बारशाला गेल्या होत्या. आपल्याला माहीत होतं ते, रविवारीच त्यांनी सांगितलं होतं, आणि तरी तू लावत होतीस. मी म्हटलं, “रविवारी लावू गं. रविवारी असतात त्या घरी.”

त्या संध्याकाळी तुला पुन्हा इन्स्टिट्यूटमध्ये हलवलं. रविवार आला तेव्हा तू नव्हतीस.

आता मी हिशेब करत बसते. माझ्या त्या तीन ओळी टाकल्या असत्या, तर तुझा अंगठा असताना फोन लागला असता. रोज लागला असता. लोणच्याच्या आधीपासून. काकूंनी तुला किती रागावून घेतलं असतं! तुझ्या हट्टापायी ते गेलं. कुणाच्या तरी प्रोग्रॅमची भिंत सरळ राहावी म्हणून गेलं. मी तुझं का ऐकलं? तू आजारी होतीस, तुझं न ऐकता करून टाकायला हवं होतं, मैत्रिणी करतात तसं. आणि तसं केलं असतं तर तू मला माफ केलं नसतंस, हेही मला माहीत आहे. यातून बाहेर कसं पडायचं? कोणाला विचारू? हे असलं सगळं मी तुलाच विचारत आले.

अविनाशच्या सांगण्यावरून मी नवी आवृत्ती इंटरनेटवर ठेवली. तुझं नाव आधी, माझं नंतर. एक मेल आला, कुठल्याशा देशातून. त्यानं त्या तक्त्यात आपला स्वतःचा एक प्रकार बसवला, फार सोपं गेलं, तुम्हा दोघांचे आभार, असं लिहिलं होतं. तू असतीस तर खुर्चीत उडाली असतीस. मला वाचून काही वाटलं नाही. मी मेलची खिडकी बंद केली. उत्तर दिलेलं नाही. तू द्यायचीस ना उत्तरं.

काल अविनाशकडून निघत होते तेवढ्यात काकूंचा फोन आला. अविनाश अजून स्वयंपाकघरात होता, म्हणून मी उचलला. त्या रडत नव्हत्या. इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग म्हणाल्या, “मंजू, एक विचारतो. खरं सांगशीन?”

“विचारा ना.”

“बारशाहून आलो तं शेजारीन म्हने, तुमचा फोन लय वाजत व्हता. तिचा व्हता का?”

नाही म्हणता आलं असतं. जिभेवर आलं होतं. पण तू समोरच्या खुर्चीत नव्हतीस, आणि तुझ्यामागे तुझ्या आईला खोटं सांगायचा मला काही हक्क आहे असं वाटेना.

“हो, काकू. तिचाच होता. तीनदा लावला.”

मला वाटलं, मी हे काय केलं. मग त्यांनी विचारलं, “तिले घंटी आयकू येत व्हती का, तिकून?”

“येत होती. स्पीकर चालू होता.”

“माह्या घरातली घंटी?”

“हो.”

“मंग आली व्हती ती घरी,” त्या म्हणाल्या. “मीच नव्हतो.”

मग त्या मलाच विचारायला लागल्या, पोरी, तू जेवली का, जेवत जाय, नाटकं नाही पायजे मले. आणि शुभा, मला तुझा इतका राग आला होता, इतका. त्या बोलत राहिल्या. मी ऐकत राहिले.